ज्यानं चाखलं, त्यानं बोलावं

बॅग गेवराईला निघून गेली आणि मी उमापूरला उतरलो. चूक सर्वस्वी माझी. शेवगाव सुटल्यावर डोळा लागला होता. कंडक्टरने "उमापूर, उमापूर" अशी हाक दिली तेव्हा दचकून उठलो, छत्री घेतली, पाण्याची बाटली घेतली, शेजारच्या बाईंची पिशवीही उचलली, ती त्यांनी हातातून काढून घेतली; आणि जी बॅग पुण्यापासून डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती, ती तेवढी फळीवर राहिली. बस धुरळा उडवून गेल्यावर हात फारच मोकळा वाटायला लागला, तेव्हा कळलं.

बॅगेत दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान आणि बावीस पानांचं प्रवचन होतं. सदऱ्यांचं मला दुःख नव्हतं. प्रवचनाचा विषय होता 'कृपादाने', म्हणजे माणसाची लायकी न बघता देवाने आपणहून त्याला दिलेल्या देणग्या. शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्यांतल्या नऊ एका ठिकाणी ओळीने सांगितल्या आहेत: ज्ञान, विद्या, विश्वास, रोग बरे करणं, अद्भुत कामं आणि पुढच्या. त्या नऊंचे मी प्रत्येकी तीन मुद्दे पाडले होते. पस्तीस वर्षं मराठीचा मास्तर म्हणून काढल्यावर माणसाला मुद्दे पाडल्याशिवाय देवाबद्दलही बोलता येत नाही. आमच्या पुण्याच्या मंडळीने (चर्चच्या सभासदांना आम्ही मंडळी म्हणतो) हे प्रवचन चार वेळा ऐकलं आहे, आणि चारही वेळा शेवटपर्यंत कोणी ना कोणी जागं राहिलं होतं.

मला न्यायला सुधाकर मोटारसायकल घेऊन आला होता. हा माझा जुना विद्यार्थी. वर्गात निबंधाच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा हा मुलगा आता या भागातल्या तीन वस्त्यांचा पाळक आहे, म्हणजे तिथल्या मंडळ्यांची उपासना चालवणारा धर्मगुरू. "सर, ऊसतोडीला माणसं निघायच्या आधीचा रविवार आहे. कृपादानांवर बोलायला या," असं त्याने महिनाभर फोनवर घोकलं होतं. बॅगेची हकीकत ऐकून तो आधी हसला आणि मग ओळखीच्या माणसाकडून गेवराई डेपोत फोन लावला. कंडक्टरने बॅग उतरवून ठेवली होती. सोमवारी परत जाताना घ्यायची असं ठरलं.

"आणि प्रवचन?" मी विचारलं.

"सर, पाठ करायला तुम्हीच लावायचात ना?" तो म्हणाला. विद्यार्थी मोठे झाले की असे सूड घेतात.

डांबरी रस्ता सोडून आम्ही शेतातल्या वाटेला लागलो. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. काळी जमीन पावसानंतर सुकत आली होती आणि तिच्यावर पायांचे, बैलांचे, ट्रॅक्टरचे ठसे वाळून तसेच राहिले होते. बांधाबांधाने बाभळी, मध्येच एखादं कडुलिंबाचं झाड, लांबवर कुणाचा तरी पांढरा पटका. गाडीवर बसल्या बसल्याच सुधाकरने मला इथली रीत सांगितली, आणि तिच्यासाठी हा प्रवास केल्याचं सार्थक झालं असं मी तुम्हांला आत्ताच सांगून ठेवतो.

या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर सहा महिने ऊस तोडायला बाहेर जातात. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, कोणीही असो, कोयता तोच. नवरा-बायकोच्या जोडीलाही इथे 'कोयता'च म्हणतात. अशा आठ-दहा जोड्यांची एक टोळी होते आणि ती कारखान्याच्या रानात पाचटाच्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांत राहते. तिथे पाळक नाही, देऊळ नाही. तेव्हा निघण्याआधीच्या रविवारी जाणाऱ्या प्रत्येकाला उभं करून त्याला देवाने काय दान दिलं आहे, ते सगळ्यांसमोर बोलायचं. म्हणजे लांब गेल्यावर कोणाकडे काय आहे ते टोळीला ठाऊक असतं. नियम दोनच. आपलं दान आपण बोलायचं नाही. आणि दुसऱ्याचं दान बोलायचं तर ते आपण चाखलेलं असलं पाहिजे.

"चाखलेलं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्या दानातलं तुमच्या वाट्याला काहीतरी आलेलं असलं पाहिजे. नुसतं दिसलं, वाटलं, चालत नाही. ज्यानं चाखलं, त्यानं बोलावं."

मी मागे बसून माझे सत्तावीस मुद्दे मनात घोळवत होतो. त्यांत हा नव्हता.

माझी उतरण्याची सोय मार्ताबाईंकडे केली होती. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, दारावर खडूने काढलेला क्रूस. मार्ताबाई साठीच्या पुढच्या, सडपातळ, नऊवारीचा काष्टा मारलेल्या. मी "सलाम बाई" म्हणालो (आमच्याकडे भेटल्यावर सलाम म्हणतात), तर त्यांनी सलाम घेऊन लगेच विचारलं, "जेवलात का?"

"हो, शेवगावला."

"काय जेवलात?"

"वडापाव."

"त्याला जेवण म्हणत्यात व्हय? अन् बॅग कुठं हाय तुमची?"

बॅगेची हकीकत सांगितली. ती कुठल्या रंगाची, किती जुनी, कोणी घेतली होती, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. हात धुवायला पाणी देताना विचारलं, "पोरं किती?"

"एक मुलगा. बंगळुरूला असतो."

"फोन करतो का?"

"करतो."

"रोज?"

"आठवड्यातून एकदा."

"आठवड्यातून कावून?"

खरं सांगायचं तर मला राग आला. पाहुण्याला पाण्याबरोबर गूळ द्यावा, जबानी घेऊ नये, असं माझं मत आहे. मी घोंगडीवर बसून घर बघू लागलो. भिंतीतल्या देवळीत (कोनाड्यात) रॉकेलची चिमणी, शास्त्राची कापडात बांधलेली प्रत आणि तिच्याशेजारी नवंकोरं कुलूप ठेवलेलं होतं. प्लॅस्टिकच्या वेष्टनातून काढलंही नव्हतं. दाराला तर साधी कडी होती. मला नवल वाटलं, पण मी विचारलं नाही. मला तशी सवय नाही.

संध्याकाळी जेवायला बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीला टाकायचं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं आणि तिसऱ्या भाकरीला मी लाज सोडली. पुण्यात मी एकटा झाल्यापासून जेवण म्हणजे आटोपण्याची गोष्ट झाली आहे. इथे मार्ताबाई समोर बसून मला जेवताना बघत होत्या आणि तिखट लागलं का, पोट भरलं का, भाकरी जाड झाली का, असं विचारत होत्या. रागही येत होता आणि भाकरीही जात होती.

शनिवारी सकाळी मी त्यांच्यामागून वस्ती हिंडलो. त्यांची रोजची फेरी असते. पहिलं घर याकोबबाबांचं. बाबांची नजर पार गेली आहे. "बाबा, उठलाव का?" मार्ताबाईंनी दारातून विचारलं. "उठलो गं," म्हणत बाबांनी गोधडी बाजूला केली. नंतर ओढ्यापलीकडे सुमनबाईंकडे. या बौद्ध आहेत. अंगणात निळा झेंडा, ओसरीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि अंगणवाडीत मदतनीस म्हणून नोकरी. "गुडघा कसा हाय?" "हाय तसाच." "गोळी खाल्ली का?" "खाल्ली." "कवा?" सुमनबाई हसून मला म्हणाल्या, "सर, हिला पोलिसात घ्यायला पायजे हुतं." मला त्या बाई एकदम आवडल्या.

घरोघर बांधाबांध चालली होती. गोधड्या, पातेली, कोयत्यांना नवी मूठ, पिठाचे डबे. एका अंगणात प्रकाश आणि त्याची बायको रूथ ताडपत्री घडी करत होते. त्यांची दोन मुलं शाळेसाठी आजीजवळ राहणार होती. रूथ घडी घालत होती आणि दर घडीला मुलांकडे बघत होती. मार्ताबाईंनी तिला काही विचारलं नाही. नुसत्या ताडपत्रीचं एक टोक धरून उभ्या राहिल्या.

परत येताना सुधाकर भेटला, त्याच्याकडून मला कळलं की मार्ताबाईही पस्तीस-चाळीस हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांचे मालक शमुवेल वारले. जोडी मोडली, कोयता मोडला. साठी उलटलेल्या एकट्या बाईला कोण टोळीत घेणार? यंदा पहिल्यांदाच त्या मागे राहणार होत्या.

दुपारी त्या अंगणात बसून येसर भाजत होत्या. जाणाऱ्या प्रत्येक जोडीला त्या एक पुडी बांधून देणार होत्या. मी सावलीला बसून उद्याचे मुद्दे आठवत होतो. सहावं दान काही केल्या आठवेना.

"सर, तुमच्या बाई कवा गेल्या?"

"तीन वर्षं झाली."

"काय नाव?"

"सरोज."

त्या थोडा वेळ भाजत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवटी काय खाल्लं त्यांनी?"

वाचकहो, मी पुण्याच्या मंडळीत वाढलेला माणूस. सरोज गेल्यावर माझ्याकडे शंभरेक माणसं येऊन गेली असतील. ती प्रभूजवळ सुखात आहे, असं प्रत्येकाने सांगितलं. धीर धरा, असं सांगितलं. मीही दुसऱ्यांना हेच सांगत आलो आहे, तेव्हा मान हलवली. पण ती शेवटी काय जेवली, हे मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या मुलानेही नाही.

"दोन चमचे तांदळाची पेज," मी म्हणालो. "आणि मला म्हणाली, मीठ कमी आहे."

"मग?"

"मग मी स्वयंपाकघरात मीठ आणायला गेलो. परत आलो तोवर गेलेली होती."

"अन् ते मीठ?" त्यांनी विचारलं.

"मुठीत होतं. माणसं जमली, गाडी आली, सगळं झालं. संध्याकाळी हात धुवायला गेलो तेव्हा मूठ उघडली."

हे मी कोणाला बोललो नव्हतो. शेवटच्या घटकेला मी तिथे नव्हतो, ही गोष्ट तीन वर्षं माझ्या आत दगडासारखी पडून होती. आता ती एका अनोळखी बाईच्या अंगणात, येसराच्या खमंग वासात बाहेर आली आणि मी रडलो. चांगला मोठ्याने रडलो. मार्ताबाईंनी मला काही सांगितलं नाही. येसर करपू नये म्हणून त्या तेवढ्या हलवत राहिल्या. थोड्या वेळाने विचारलं, "च्या घेता का?"

चहा पिताना मलाही धीर आला आणि मी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा दुसऱ्याला आपणहून काही विचारलं. "बाई, देवळीतलं कुलूप कशाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "घराला. पोरगा बोलावतोय, संभाजीनगरला. एका खोलीत ऱ्हातो, वाचमन हाय. तिकडं जाऊन पडन एका कोपऱ्यात. हितं माझं काम असतं तर ऱ्हायले असते. कोप्यात मला काम हुतं. संध्याकाळी सगळ्यांच्या दाराम्होरनं जायची, जेवलात का, दुखतंय का, घरनं फोन आला का. आता टोळी चालली. काम संपलं, म्हंजी देवानं दान बी परत घेतलं असंल. उद्या सगळ्यांचं बोलून झालं, माणसं गेली, की मंगळवारी कुलूप घालन. पाळकाला सांगू नका. उगं रडारड नको."

मी कबूल केलं. पण चहा कडू लागला. सकाळपासून त्यांच्यामागे हिंडलो होतो. याकोबबाबांचं दार, सुमनबाईंचा गुडघा, सगळं डोळ्यांसमोर होतं. ही बाई कुलूप लावून गेली तर या वस्तीचं काय होईल, हे एक दिवस राहिलेल्या मला दिसत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं.

रविवारी नांगराच्या जुन्या फाळावर ठोके पडले आणि माणसं जमली. उपासना-मंदिर म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, खाली सतरंज्या. ढोलकी, टाळ, पेटी. गाणं असं उचललं की पत्रा थरथरला. समोर टोपल्यांत नव्या पिकाचा पहिला वाटा ठेवला होता: बाजरी, मूग, कापसाची बोंडं, दोन भोपळे. हे देवाला दिल्याशिवाय घरात शिजवायचं नाही, असा इथला शिरस्ता. मग मी बोलायला उभा राहिलो. कागद नव्हते. नवांपैकी आठ दानं आठवली, मुद्दे त्याहून कमी. बारा मिनिटांत खाली बसलो. मंडळीने प्रवचन फार आवडीने ऐकलं, आणि त्याचं कारण मला कळलं आहे.

त्यानंतर जाणारे एकेक उठू लागले. प्रकाश उभा राहिला, तसा मागून एकजण म्हणाला, "परकाशला भांडण मोडायचं दान हाय. गेल्या साली टँकरच्या पाण्यावरनं माझी अन् किसनची जुंपली, तवा ह्यो मधी पडला. दोन्हीकडनं यानंच मार खाल्ला. आमाला कायबी लागलं न्हाई." मंडळी हसली. रूथ उभी राहिली. एक तरणी बाई म्हणाली, "रूथला उठवायचं दान हाय. पाटं तीनला आख्खी टोळी उठवती, पर एकदा बी कुणाला शिवी दिली न्हाई. माझी आई बी मला असं उठवत नव्हती." एकाला मोळी बांधायचं दान होतं, त्याने बांधलेली मोळी डोक्यावर सुटत नाही, असं त्याच्या बायकोनेच सांगितलं आणि लाजून बसली. एका बाईला रडणाऱ्याजवळ गप्प बसायचं दान होतं.

मी थक्क होऊन ऐकत होतो. माझ्या बावीस पानांत अद्भुत कामांवर तीन पानं होती. शिवी न देता पहाटे तीनला उठवणं त्यांत कुठेच नव्हतं. आणि देव माणसाला कशाकशाने श्रीमंत करतो, हे मला त्या पत्र्याखाली जितकं कळलं तितकं कुठल्या पानात कळलं नव्हतं. दान बोलून झालं की त्या माणसाने पदर किंवा उपरणं पसरायचं आणि नव्या बाजरीचा एक पसा (ओंजळ) घ्यायचा. ती बाजरी कोपीवर पोचल्यावर पहिल्या जेवणात शिजते. ओंजळी भरून देत होत्या मार्ताबाई. त्यांचं ते काम कैक वर्षांचं. प्रत्येकाच्या पदरात घालताना त्या हळूच काहीतरी विचारत होत्या.

शेवटची जोडी बसली. सुधाकरने आशीर्वाद द्यायला हात वर केले. आणि मला राहवलं नाही.

"पाळकसाहेब, एक राहिलं," मी उठून म्हणालो. सगळ्यांनी वळून बघितलं. मी प्रवचनाचा आवाज लावला. "मार्ताबाईंना विश्वासाचं कृपादान आहे."

मला वाटलं, छान झालं. मार्ताबाईंनी टोपलीवरून मान वर केली आणि विचारलं, "सर, तुमी काय चाखलं त्यातलं?"

टोमणा नव्हता. त्या सगळंच जसं विचारतात तसं विचारलं होतं. विश्वास हा शब्द मी माझ्या यादीतून काढून त्यांना बांधून दिला होता. यादीत तो तिसरा आहे. पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ समजुतीने म्हणाले, "सर, जाणाऱ्याचं बोलायचं असतंय. ऱ्हाणाऱ्याचं न्हाई बोलत. तुमी नवीन हाव." मी खाली बसलो. कानशिलं तापली. सुधाकरचे हात अजून वरच होते.

त्याने ते हळूच खाली घेतले. "बोलताना घाई नाही, सर," तो म्हणाला. वर्गात अडखळणाऱ्या मुलाला मीच असं म्हणत असे.

मी पुन्हा उठलो. या वेळी आवाज कुठला लावायचा तेच कळेना, म्हणून होता तोच राहिला. "माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून मला सगळ्यांनी सांगितलं. विचारलं कोणी नाही. काल या बाईंनी मला विचारलं की ती शेवटी काय जेवली. मग विचारलं, मीठ कुठे गेलं." मंडळीला मिठाचं काही कळलं नसेल, तरी कोणी हसलं नाही. "तीन वर्षांनी काल रात्री मला शांत झोप लागली. यांना विचारण्याचं दान आहे. मी चाखलंय, म्हणून बोलतो."

मार्ताबाई टोपलीतली बाजरी उगीच सारखी करू लागल्या.

मग कोपऱ्यातून याकोबबाबा बोलले. त्यांना उठवून उभं करावं लागलं. "मला दिसत न्हाई. ही येऊन 'बाबा, उठलाव का' म्हनती, तवा माझी सकाळ हुती. हे गेले सहा महिने चाललंय. त्याच्या आधी ही उसाला गेली की माझी सकाळ कवा हुईल ते मला बी कळायचं न्हाई." रूथ उठली. तिला नीट बोलता येईना. "माझी दोन्ही पोरं हितं ऱ्हाणार हायत. म्हाताऱ्या सासूला ऐकू येत न्हाई. मावशी, त्यांनला जेवलाव का म्हणून तुमीच विचारा."

दाराशी हालचाल झाली. उंबऱ्याबाहेर सुमनबाई उभ्या होत्या. जाणाऱ्यांना निरोप द्यायला त्या दरवर्षी येतात, असं नंतर कळलं. "मी तुमच्यातली न्हाई," त्या म्हणाल्या. "पर चाखलंय तर बोलू का?"

"बोला की," सुधाकर म्हणाला.

"माझी मुलगी अंबाजोगाईला नर्सिंगला गेली, तवा समदे म्हनले लई चांगलं झालं. हिनं विचारलं, तिच्या खोलीला खिडकी हाय का? मला म्हाईतच नव्हतं. म्हणून मी बसनं जाऊन बघून आले. पोरगी मला बघून अशी बिलगली, की बास. एकटी पडलती ती. मी गेलते म्हणून टिकली, न्हाई तर शिक्षण सोडून घरी येनार हुती." थांबून त्यांनी मघाच्या त्या वयस्क गृहस्थांकडे पाहिलं. "ऱ्हाणाऱ्याचं कावून बोलत न्हाई ओ तुमी?"

गृहस्थांनी टोपी काढून पुन्हा घातली. "चुकलंच म्हणायचं," ते म्हणाले. "आजवर कुणी विचारलंच न्हाई."

सुधाकरने टोपलीत दोन्ही हात घालून बाजरीची ओंजळ भरली आणि मार्ताबाईंपुढे धरली. त्यांनी पदर पसरला नाही. "मला कुठं जायचंय?" त्या म्हणाल्या. "मी ही कुठं शिजवू?"

"हितंच," याकोबबाबा म्हणाले.

शेवटी त्यांनी पदर पुढे केला. सुधाकरने ओंजळ त्यात रिकामी केली. मग त्यांनी पदराला गाठ मारली, डोळे पुसले आणि वैतागून म्हणाल्या, "चला आता, आशीर्वाद घ्या. भाकरी गार व्हाय लागल्यात." सुधाकरने आशीर्वाद दिला. मी आयुष्यात पुष्कळ आशीर्वाद घेतले आहेत. मान इतकी खाली घालून घेतलेला हा पहिला.

सोमवारी उजाडल्यावर ट्रॅक्टर आले. ट्रॉल्यांत सामान चढलं, सामानावर माणसं चढली. मार्ताबाई या ट्रॉलीपासून त्या ट्रॉलीपर्यंत विचारत फिरत होत्या: पाणी घेतलं का, येसर वर ठेवलंय का, कोयता नीट गुंडाळला का. रूथ शेवटी चढली आणि शेवटपर्यंत मागे बघत राहिली. ट्रॅक्टर वळणाआड गेले. मागे उरलेली म्हातारी माणसं आणि मुलं तशीच उभी होती. मार्ताबाईंनी रूथच्या मुलांकडे वळून विचारलं, "काय रे, जेवलात का?"

सुधाकर गाडी घेऊन आला तेव्हा त्या घरातून कुलूप घेऊन बाहेर आल्या. वेष्टन काढलेलं होतं. "हे घ्या, तुमच्या बॅगला लावा. म्हंजी पुन्ना हरवायची न्हाई."

कुलूप घेतलं, खिशात टाकलं, सलाम केला. गाडीवर बसल्यावर लक्षात आलं. "बाई, याची किल्ली?"

"ती ऱ्हाऊ द्या माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "उघडायला या."

गेवराईच्या डेपोत माझी निळी बॅग टेबलाखाली सुरक्षित होती. तिथल्या साहेबांनी वहीत नोंद करताना विचारलं, "आत काय हाय?"

"कपडे आणि प्रवचन."

"किमती कायबी न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो आणि सही केली. ते मनापासून म्हणालो, हे तुम्ही लिहून ठेवा.

पुण्याला घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलाला मीच फोन लावला आणि जेवलास का, काय जेवलास, विचारलं. तो घाबरला, बाबा, बरं आहे ना, म्हणाला. मग आम्ही तासभर बोललो. सरोजच्या मिठाची गोष्ट त्याला सांगितली. फोन ठेवायच्या आधी म्हणाला, उद्या करतो.

मग मी बॅग उघडली. सदरे, टॉवेल, दाढीचं सामान बाहेर काढलं. बावीस पानं आत राहू दिली, चेनच्या दोन्ही कड्या जुळवल्या, त्यांतून मार्ताबाईंचं कुलूप घातलं आणि दाबलं. ते चांगलं घट्ट बसलं.

येत्या रविवारी इथे बोलायची पाळी माझीच आहे. आमच्याकडे तिसऱ्या बाकावर एस्तेरबाई बसतात. गेल्या वर्षी त्यांचे यजमान गेले, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन पाऊण तास सांगत बसलो होतो आणि त्या मान हलवत होत्या. रविवारच्या आधी मी त्यांच्याकडे जाणार आहे. ते शेवटी काय जेवले, हे विचारायचं राहून गेलं आहे.